सायकल हप्त्यावर घ्यावी की पॉलिसी मोडून?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: "मी ४१ वर्षांचा असून आराखडे काढून देण्याचा स्वतंत्र व्यवसाय करतो. घरी पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी आहे. कमावणारा मी एकटाच. रोड सायकलिंगचा मनापासून छंद आहे. २००, ३०० आणि ४०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, झाल्या. याच हंगामात ६०० पूर्ण करून सुपर रँडोनर, म्हणजे एकाच हंगामात ही चारही अंतरे पूर्ण करणारा, व्हायचे आहे. ४०० ला २६ तास २० मिनिटे लागली, त्यांपैकी सायकल प्रत्यक्ष चालली १९ तास १० मिनिटे. सध्याची अ‍ॅल्युमिनियमची सायकल अडीच वर्षांत ९,५०० किलोमीटर चालली असून दर रविवारी मी ती धुऊन तेल देतो, त्यामुळे आजवर एकही भाग बदलावा लागलेला नाही. पण आता चढावर जोर लावला की गिअर उड्या मारतात आणि शेवटच्या टप्प्यात मान व उजवा गुडघा दुखतो. कार्बन फ्रेम आणि इलेक्ट्रॉनिक गिअरची सायकल पसंत केली आहे. विक्रेता १८ महिन्यांचे बिनव्याजी हप्ते देतो. किंवा सहा वर्षे चालू असलेली विमा पॉलिसी मोडता येईल. यंदा काम वाढेल अशी खात्री आहे आणि तीन वर्षांनी सायकल ७० टक्के किमतीला विकता येईल, म्हणजे ही एक गुंतवणूकच आहे. गेल्या वर्षी उतारावर पडून खांद्याचे हाड मोडले, सात आठवडे काम बंद होते (हेल्मेटवर मात्र फक्त ओरखडा आला). त्या वेळचे क्रेडिट कार्डाचे थोडे देणे शिल्लक आहे. हप्ते घ्यावेत की पॉलिसी मोडावी?"

रकमा छापू नयेत अशी तुमची विनंती असल्यामुळे तुमच्या हाती येणारे महिन्याचे सरासरी उत्पन्न १०० धरून सगळा हिशेब त्या मापात मांडला आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येते: हप्ते घेऊ नका आणि सायकलीसाठी पॉलिसीही मोडू नका. पॉलिसी मोडायची आहे, पण वेगळ्या कारणासाठी. आणि ते कारण तुमच्या पत्रात अर्ध्या वाक्यात दडलेले आहे.

आधी हप्त्यांचा विषय संपवू. तुमचा महिना असा जातो: घरखर्च ४०, गृहकर्जाचा हप्ता २०, पॉलिसी २०, कार्डाचा भरणा १५ आणि सायकलिंग ५. बेरीज १०० होते, म्हणजे शिल्लक शून्य. सायकलची किंमत ४५०, म्हणजे महिना २५ चा हप्ता. तो कुठून येणार, याला तुमच्या पत्रात "यंदा काम वाढेल" एवढेच उत्तर आहे. वाढलेले काम हातात आल्यावर त्याचा हिशेब करावा. न आलेल्या कामावर १८ महिन्यांची बांधिलकी घेऊ नये. शिवाय हे हप्ते बिनव्याजी नाहीतच. रोखीने घेतल्यास आठ टक्के सूट आहे, असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे सायकलची खरी किंमत ४१४ झाली आणि हप्त्यांत, दोन टक्के प्रक्रिया शुल्क धरून, तुम्ही ४५९ देणार. हे ४५ म्हणजे व्याजच, आणि वर्षाला त्याचा दर १३-१४ टक्क्यांच्या घरात जातो. ७० टक्क्यांना विकण्याची आशाही सोडून द्या. जुन्या कार्बन फ्रेमला आतून तडा गेला आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे घेणारा बिचकतो आणि भाव पाडून मागतो. निम्मी किंमत आली तरी ती चांगली समजावी. वापरून झिजणारी वस्तू आनंदासाठी जरूर घ्यावी, पण तिला गुंतवणूक म्हणू नये.

आता न विचारलेल्या गोष्टीकडे येतो. पत्रासोबत तुम्ही पॉलिसीचा पहिला कागद पाठवला, हे फार बरे केले. महिना २० प्रमाणे वर्षाला २४०, अशी २० वर्षे भरायची. एकूण भरणा ४,८००. शेवटी अंदाजे ७,९०० हाती येतील, असे एजंटने दाखवले आहे. "दीडपटीहून जास्त" हे शब्द ऐकायला गोड वाटतात, पण २० वर्षांच्या मानाने हा परतावा वर्षाला साडेचार टक्के पडतो, आणि त्यातलाही बोनसचा भाग हमीचा नाही. तरीही परताव्यापेक्षा मला चिंता वाटली ती विमारकमेची: २,४००. तुम्ही उद्या नसाल तर त्यातले २,००० गृहकर्ज फेडण्यात जातील. उरलेल्या ४०० मध्ये, महिना ४० च्या घरखर्चाने, पत्नी आणि मुलगी दहा महिने राहतील. अकराव्या महिन्यासाठी काहीही नाही. उत्पन्नाचा पाचवा हिस्सा विम्याच्या नावाखाली सहा वर्षे भरणाऱ्या माणसाच्या कुटुंबाची ही स्थिती असावी, याचा मला मनापासून राग येतो, आणि तो तुमच्यावर नाही. कमावता माणूस एकटा, मुलगी तेव्हा तीन वर्षांची आणि डोक्यावर नवे गृहकर्ज, हे सारे समोर दिसत असताना ज्याने ही पॉलिसी गळ्यात मारली, त्याने तुमच्या गरजेकडे पाहिलेच नाही.

गरज किती आहे ते पाहा. घरखर्च वर्षाला ४८०. १५ वर्षांचे ७,२००. (गुंतवणुकीवरचा परतावा आणि महागाई एकमेकांना खाऊन टाकतात असे इथे धरले आहे; अंदाजासाठी तेवढे पुरेसे आहे.) कर्जाचे २,०००, मुलीच्या शिक्षणाचे १,५००. एकूण सुमारे ११,०००. एवढ्या रकमेचा निव्वळ मुदतीचा विमा, ज्याला टर्म प्लॅन म्हणतात आणि ज्यात जिवंत राहिल्यास काहीही परत मिळत नाही, तुमच्या वयाच्या धडधाकट आणि तंबाखू न खाणाऱ्या माणसाला साधारणपणे महिना ३ ते ४ मध्ये मिळायला हवा. दोन-तीन कंपन्यांकडून दर मागवा. "काहीच परत मिळत नाही" म्हणून लोक हा विमा नाकारतात आणि परत मिळण्याच्या आशेने पाचपट भरतात. त्यात संरक्षणही मिळत नाही आणि परतावाही.

दुसरी उणीव याहून जवळची आहे. सायकलवरून पडणाऱ्याचा जीव बहुधा वाचतो. थांबते ते त्याचे काम. तुम्ही तो अनुभव घेतला आहे. सात आठवड्यांचे उत्पन्न म्हणजे सुमारे १६०, त्यावर उपचारांचा खर्च, आणि हे सारे कार्डावर गेले, कारण बाजूला ठेवलेला पैसा नव्हता. ज्याला तुम्ही "थोडे देणे" म्हणता ते ३०० आहे, तुमचे तीन महिन्यांचे पूर्ण उत्पन्न. महिना तीन टक्क्यांनी त्यावर ९ व्याज लागते, म्हणजे तुम्ही भरता त्या १५ पैकी मुद्दल फक्त ६ ने कमी होते. असेच भरत राहिलात तर आणखी अडीच वर्षे लागतील आणि सुमारे १६५ नुसत्या व्याजात जातील. अपघाती अपंगत्वाचे आणि काम बंद पडल्यास ठरावीक रक्कम देणारे संरक्षण महिना २ च्या आसपास मिळावे. ते घेताना तुम्ही लांब पल्ल्याचे सायकलिंग करता हे लिहूनच घ्या, कारण काही योजना वेळेच्या स्पर्धांना वगळतात आणि ब्रेव्हे त्यात मोडते की नाही, हे लेखी विचारलेले बरे.

म्हणून पॉलिसी मोडायची. इथे एक प्रामाणिक खुलासा केला पाहिजे. आजवर भरलेल्या १,४४० पैकी सरेंडर केल्यावर ९०० मिळतील. जे बुडाले ते बुडाले. ते विसरून आजच्या ९०० पासून पुढची १४ वर्षे मोजली, तर याच पॉलिसीचा पुढचा परतावा, दाखवलेला बोनस सगळा मिळाला असे धरून, पावणेसात टक्क्यांच्या आसपास निघतो. तो अगदी वाईट नाही, आणि दुसरी कसलीच तातडी नसती तर ती चालू ठेवण्याचाही विचार मी केला असता. पण वर्षाला ३६ टक्क्यांहून अधिक व्याजाचे देणे डोक्यावर असताना पावणेसात टक्क्यांसाठी पैसे अडकवून ठेवणे परवडणारे नाही. आलेल्या ९०० मधून ३०० कार्डाचे एकरकमी फेडा. ५४० वेगळ्या बचत खात्यात ठेवा. घरखर्च आणि कर्जाचा हप्ता मिळून महिना ६०, म्हणजे नऊ महिन्यांची तजवीज. नोकरदाराला मी सहा महिने सांगतो, तुम्हाला नऊ सांगतो, कारण तुमचे उत्पन्न तुमच्या हातांवर आहे आणि ते हात उतारावर हँडलबार धरतात. उरलेल्या ६० चे काय करायचे ते पुढे येते.

क्रम मात्र चुकवू नका. नवा विमा मंजूर होऊन कागद हातात आल्यानंतरच जुनी पॉलिसी मोडा. प्रस्तावाचा अर्ज स्वतः भरा. तुमच्या जुन्या अर्जाच्या प्रतीत रक्तदाबाच्या रकान्यात "नाही" असे दुसऱ्याच्या अक्षरात लिहिलेले आहे, आणि पत्रात तुम्ही आठ वर्षांपासून रक्तदाबाची गोळी घेत असल्याचे सहज लिहून गेला आहात. पॉलिसीच्या पहिल्या तीन वर्षांत दावा नाकारण्यासाठी कंपनीला एवढे कारण पुरले असते, आणि ते तुमच्या पत्नीला त्या दिवशी कळले असते. नव्या अर्जात गोळी, मोडलेले हाड, सायकलिंग, सारे लिहा. हप्ता थोडा वाढेल, तो भरा.

आता सायकलकडे वळतो. मी स्वतःही ब्रेव्हे चालवतो, तेव्हा हा विषय उरकून टाकणार नाही. ६०० ला ४० तास मिळतात. ४०० चा तुमचा चालता वेग ताशी सुमारे २१ किलोमीटर होता, तो साधारण टिकला तर ६०० ला २९ ते ३० तास सायकल चालेल आणि दहा तास हाती राहतील. ४०० मध्ये तुम्ही ७ तास १० मिनिटे थांबला होता. तुमचे, सायकलचे, पाण्याचे आणि सामानाचे वजन मिळून ८८ किलो भरते. नवी सायकल दोन किलोंनी हलकी असली तर खड्या चढावर सव्वादोन टक्के वाचतील आणि सपाटीवर जवळपास काहीच नाही. चांगली चाके धरून एकूण तीन टक्के म्हटले तरी ६०० मध्ये ५० ते ५५ मिनिटे झाली. थांबे आवरले तर याच्या तिप्पट वेळ मिळतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत. सपाटीवर खरा विरोध हवेचा असतो आणि त्यातला बहुतांश सायकलला नव्हे, तर स्वाराच्या शरीराला होतो. १९९३ मध्ये ग्रेम ओब्री या स्कॉटिश सायकलपटूने नॉर्वेतील हामार येथे एका तासात ५१.५९६ किलोमीटर कापून विक्रम केला, तो स्वतः जोडलेल्या आणि कपडे धुण्याच्या यंत्राचे बेअरिंग बसवलेल्या सायकलवर. त्याचा खरा फायदा होता तो हात छातीखाली घेऊन बसण्याच्या पद्धतीत.

तुमचे गिअर का उड्या मारतात, हे तर तुमच्या अभिमानाच्या वाक्यातच आहे. ९,५०० किलोमीटर एकच चेन! धुतल्याने आणि तेल दिल्याने झीज मंदावते, थांबत नाही. एक स्टीलची पट्टी घ्या आणि चेन ताणलेली असताना एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. पिनांमधले अंतर १२.७ मिलिमीटर असते, म्हणून नव्या चेनची चोविसावी पिन ३०४.८ वर येते. ती ३०६.३ वर आली तर झीज अर्धा टक्का झाली, आणि ११-१२ गिअरच्या सायकलला चेन बदलण्याची वेळ तीच. तुमची पिन बहुधा ३०८ च्याही पुढे असेल, आणि तशा चेनने कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या गिअरचक्रांच्या संचाचे, दातही स्वतःच्या मापाचे करून घेतले असतील; नुसती चेन बदलली तर नवी चेन जुन्या दातांवरून घसरेल. म्हणून आता दोन्ही बदला. यापुढे चेन वेळेवर बदलत गेलात तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन निघतील. मान आणि गुडघ्यासाठी जाणकाराकडून बाइक फिट करून घ्या. सीटची उंची आणि हँडलबारपर्यंतचे अंतर चुकले असेल तर ते दुखणे ४५० च्या सायकलवरही तसेच राहील. फ्रेममध्ये जागा असेल तर २८ मिलिमीटरचे टायर बसवा आणि हवा थोडी कमी ठेवा.

हेल्मेट मात्र आजच टाकून द्या. आतला फोम एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो. वरून ओरखडाच दिसला तरी आत तो चेपलेला असू शकतो. तुमच्या सायकलचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा चिमटा, कार्बनचा आहे आणि तो त्याच अपघातातून गेला आहे. तो काढून तपासून घेतल्याशिवाय उतारावर जाऊ नका आणि शंका असेल तर बदला. चेन, कॅसेट, टायर, केबल, ब्रेक पॅड, फिट आणि हेल्मेट हे सारे त्या उरलेल्या ६० मध्ये बसते. फोर्क बदलावा लागला तर एखाद-दोन महिन्यांचे सायकलिंगचे ५ त्यात घाला.

कार्ड आणि पॉलिसी संपल्यावर महिना ३५ मोकळे होतात. दोन्ही विम्यांना ६ जातील. २० मुलीच्या शिक्षणासाठी आणि तुमच्या म्हातारपणासाठी कमी खर्चाच्या इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या फंडात, दरमहा घाला. उरलेले ९ नव्या सायकलच्या नावाने वेगळे ठेवा. दोन वर्षांत २०० च्या पुढे जमतील आणि साध्या केबलच्या गिअरची उत्तम कार्बन सायकल त्यात रोखीने, सूट घेऊन, येईल. त्याआधी काम खरोखर वाढले तर ती लवकर येईल, आणि इलेक्ट्रॉनिक गिअरचा विचारही तेव्हा करता येईल. यंदाची ६०० याच सायकलवर करा. या आठवड्यात विम्याचे दर मागवा आणि फोर्क तपासायला द्या. पॉलिसी मोडण्याचा अर्ज नवा कागद हातात येईपर्यंत कोरा राहू द्या.