सीटी नॉर्मल आलाय, मग आठवत का नाही?

प्रश्न : डॉक्टर, जुलैमध्ये दांडेकर पुलाजवळ पावसात माझी गाडी स्लिप झाली, हेल्मेट होतं तरी डोकं आपटलं आणि मधली काही मिनिटं मला अजूनही आठवत नाहीत. सीटी स्कॅन नॉर्मल आला, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. आता चार महिने होतील. मी अकाउंट्सला आहे, आधी पार्ट्यांचे आकडे तोंडपाठ असायचे, आता व्हाउचर हातात घेऊन उठते आणि कशाला उठले तेच कळत नाही. परवा गॅसवर दूध ठेवून विसरले. रोज दुपारी डोकं ठणकतं म्हणून एक गोळी घ्यावीच लागते, रात्री तीनला जाग येते ती येतेच. आठवणीसाठी सिटिकोलिन-पिरासिटामची गोळी चालू आहे, सासूबाई भिजवलेले बदाम देतायत. वय 38. हा अल्झायमर तर नसेल ना? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही हो ताई. 38व्या वर्षी एकदा पडल्यावर चार महिन्यांत अल्झायमर असा येत नाही, ते आधी डोक्यातून काढा. सीटीत रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. पण कन्कशनमध्ये, म्हणजे डोकं आपटून मेंदूला हादरा बसतो तेव्हा, मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात आणि पेशींचं कामकाज काही काळ बिघडतं, ते सीटीत दिसत नाही. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आणि त्रास खरा, दोन्ही एकदम असू शकतं, घरच्यांना हे जरूर वाचायला द्या. बहुतेक लोक महिनाभरात बरे होतात, काहींचं मात्र तीन महिन्यांपुढे रेंगाळतं, तुम्ही त्यातल्या.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही जे लिहिलंय त्यात मला स्मरणशक्तीपेक्षा लक्षाचा घोळ जास्त दिसतोय. नोंदच झाली नाही तर लेजरमध्ये सापडणार कुठून? आणि हे लक्ष खातंय कोण, ते तुम्हीच लिहिलंय की : झोप आणि डोकेदुखी. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 दिवस किंवा जास्त, अशी तीन महिने घेतली की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं, मिश्र गोळी (एकीतच दोन-तीन औषधं) असेल तर 10 दिवसही पुरतात. तुमची रोजची आहे! त्यामुळे पहिलं काम, न्यूरॉलॉजिस्टना भेटून ही गोळी कशी कमी करायची आणि डोकेदुखीवर दुसरं काय द्यायचं ते ठरवणं. जाताना सगळी पाकिटं घेऊन जा, सर्दीची, झोपेची, मेडिकलवाल्याकडून आणलेली सगळी, कारण यातल्या बऱ्याच गोळ्यांनी डोकं जड होतं आणि विसरायला होतं. सोबत बी12, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, शाकाहारी घरात बी12 कमी निघणं आपल्याकडे काही नवीन नाही. चिडचिड होत असेल, उगाच रडू येत असेल तर तेही सांगा, त्याची ट्रीटमेंट झाली की आठवणसुद्धा सुधारते. कुशीवर वळल्यावर गरगरत असेल तर तो बऱ्याचदा कानाचा प्रॉब्लेम असतो, ईएनटीवाले किंवा त्यातले जाणकार फिजिओथेरपिस्ट डोकं ठरावीक पद्धतीनं वळवून तो घालवतात.

सिटिकोलिनचं विचाराल तर अमेरिकेत डोक्याला मार लागलेल्या बाराशेवर पेशंटवर त्याची चाचणी झाली, निकाल 2012 मध्ये आला, 90 दिवस औषध देऊनही प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, जास्त फायदा दिसला नाही. तिथे औषध मार लागल्या लागल्या सुरू केलं होतं आणि बऱ्याच जणांचा मार तुमच्यापेक्षा मोठा होता, हे खरं, पण चार महिन्यांनी जादू होईल असं मानायलाही काही आधार नाही. पुढचं पाकीट आणायच्या आधी डॉक्टरांना सरळ विचारा, हे का चालू आहे म्हणून. बदाम खुशाल खा, सासूबाईंचा मान राहतो.

अंधार करून पडून राहणं आता पहिले एक-दोन दिवसच सांगतात. तुम्ही चालायला लागा. थोरात उद्यानात सपाटीवर, जरा भरभर, 15-20 मिनिटं. डोकेदुखीला दहापैकी अंक द्या, चालताना ती आधीपेक्षा दोन अंकांपर्यंत वाढली आणि तासाभरात उतरली तर चालतं, त्याहून वाढली तर दुसऱ्या दिवशी वेग कमी करा, पण बंद नका करू. टेकडी नंतर.

ऑफिसात डोकं लागणारं काम, रिकन्सिलिएशन वगैरे, सकाळी उरका, दुपारी ठणकायच्या आत. अर्धा-पाऊण तास झाला की स्क्रीनवरून उठा. मध्येच कोणी हाक मारली तर ज्या एंट्रीवर आहात तिथे आधी पेन्सिलनं खूण, मगच मान वर. वही एकच ठेवा (तीन ठिकाणी लिहिलं की कुठे लिहिलं तेच शोधत बसतो आपण). दूध ठेवलं की लगेच फोनवर अलार्म, आणि त्याला नाव द्या ‘दूध’, नुसता वाजणारा अलार्म आपण सवयीनं बंद करून टाकतो. मेमरीचे गेम खेळून माणूस मुख्यतः त्या गेममध्येच हुशार होतो, त्याचे पैसे वाचवा. एवढं करूनही काम जमत नसेल तर न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (लक्ष, आठवण तपासणारे मानसतज्ज्ञ) चाचणी करून घ्या, पुण्यात मोठ्या हॉस्पिटलांत सोय आहे, नेमकं काय अडतंय ते कळतं आणि त्याप्रमाणे सराव देतात.

प्रश्न : बाबा 72 वर्षांचे, हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू. महिन्यापूर्वी बाथरूममध्ये पडले, तेव्हा नुसतं टेंगूळ आलं होतं. आठवडाभर झाला, सारखं विसरतात, दिवसभर झोपतात, डावा पाय ओढतात. वयामुळे असेल का? — सदाशिव पेठ

उत्तर : वयावर ढकलू नका, आजच्या आज सीटी करा. या वयात मेंदू थोडा आक्रसलेला असतो, त्यामुळे बाहेरच्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात, छोट्या धक्क्यानं झिरपायला लागतात, रक्त पातळ असेल तर जास्तच. ते रक्त हळूहळू साठून मेंदूवर दाब येतो, म्हणून त्रास आठवड्यांनी दिसतो. वेळेत कळलं तर ते रक्त काढता येतं आणि बरेच जण पुन्हा नीट चालायला-बोलायला लागतात. गोळी मनानं बंद करू नका, पाकीट इमर्जन्सीतल्या डॉक्टरांच्या हातात द्या, शेवटची कधी घेतली तेही सांगा. उलट्या, झटका (फिट) किंवा जागे करूनही नीट जागे होत नाहीत असं झालं तर रिक्षा शोधत बसू नका, 108 लावा.