ग्राहकाचा प्रश्न : रिचार्ज वाढला, रेंज गेली

प्रश्न : आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात आहे. घरात तीन फोन : माझा, मुलाचा आणि सासूबाईंचा बटणांचा. तिन्ही दर 28 दिवसांनी रिचार्जला येतात आणि दर वाढतच चाललेत. रेंज मात्र पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. पावसात लाइट गेली की दोन-तीन तासांत फोन बंद. गॅसचा ओटीपी येत नाही, मुंबईला असलेल्या मिस्टरांचा फोन लागत नाही. तक्रार केली की ‘आपली तक्रार सोडवली आहे’ असा मेसेज येतो. सासूबाई म्हणतात, माझा नंबरच बंद करून टाका. काय करावं?

उत्तर : ताई, सासूबाईंचा नंबर बंद करू नका. तो बँकेला, आधारला जोडलेला असेल, आणि बंद पडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्या कुणालाही देऊ शकते. त्यांना इंटरनेट लागत नाही, तर त्याचे पैसेही त्यांनी भरू नयेत. फक्त कॉल आणि एसएमएसचा वेगळा प्लॅन प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे, असा नियम ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने डिसेंबर 2024 मध्ये केला. जानेवारी 2025 मध्ये 84 दिवसांचे असे प्लॅन आले, तेव्हा किंमत साधारण 450 ते 470 रुपये होती. अ‍ॅपमध्ये ते शोधावे लागतात आणि दुकानदार आपणहून सांगत नाही. ‘डेटा नको, नुसत्या कॉलिंगचा द्या’ असं स्पष्ट मागा.

तुमचा संताप रास्त आहे. जुलै 2024 मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दोन दिवसांच्या आत दर वाढवले. रोज दीड जीबीचा, 28 दिवसांचा 239 रुपयांचा एक प्लॅन थेट 299 वर गेला. त्यात 28 दिवसांच्या हिशेबाने वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. किमान एक प्लॅन 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवा, असं ट्रायने 2022 मध्येच कंपन्यांना बजावलं आहे. तुमच्या आणि मुलाच्या फोनसाठी त्यांचे भाव विचारून तुलना करा.

आता रेंज. नोकरीत असताना मी टॉवरच्या देखभालीची कामं जवळून पाहिली आहेत. लाइट गेल्यावर दोन-तीन तासांत फोन बंद पडत असेल तर बहुतेक दोष बॅटऱ्यांचा. जुन्या झाल्या की त्या तग धरत नाहीत, आणि जनरेटरचं डिझेल घाटातून वेळेवर पोचत नाही. बॅटऱ्या बदलणं हा खर्चाचा भाग आहे. कमी ग्राहकांच्या गावात तो पुढे ढकलला जातो. दांड्या पूर्ण दिसतात पण कॉल लागत नाही, नेट चालत नाही, असं असेल तर दोष वेगळा : टॉवरवर गर्दी, किंवा टॉवरला पुढे जोडणारी लाइन कमी पडते.

म्हणून ‘रेंज नाही’ एवढंच सांगू नका. लाइट कधी गेली, फोन कधी बंद पडला, परत कधी आला, हे तारखेसह वहीत लिहा. मग 198 वर तक्रार द्या आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. तो नंबर हातात नसेल तर तक्रार झालीच नाही असं समजा. ‘सोडवली’ असा खोटा मेसेज आला तर 30 दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. पैसे पडत नाहीत आणि निर्णय 39 दिवसांत द्यावा लागतो. ट्राय एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाही, तिकडे वेळ घालवू नका. अपिलातही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. मोबाइल कंपन्यांविरुद्ध तिथे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलं. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. शेजारच्या घरांनीही आपापल्या नंबरवरून तक्रार दिली तर फारच चांगलं.

एका गोष्टीचा मला राग येतो. 2024 च्या सेवा-दर्जाच्या नियमांत भरपाई आहे : सेवा 24 तासांहून अधिक बंद राहिली तर प्रीपेडवाल्यांना मुदत वाढवून मिळते. पण त्यासाठी बिघाड जिल्हाभराचा हवा. तुमच्या गावचा एक टॉवर चार दिवस मेला तर रत्नागिरी जिल्हा चालूच असतो, मग तुम्हाला काहीच मिळत नाही. हा नियम टॉवरच्या पातळीवर आला पाहिजे, आणि ग्रामसभेने तसा ठराव करून खासदारांकडे धाडला पाहिजे.

पोर्ट करायचं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची असेल तर आधी गावात दुसऱ्या कंपनीचं सिम कुणाकडे आहे ते पाहा, आणि लाइट गेलेल्या दिवशीच त्याची रेंज तपासा. कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर कव्हरेजचा नकाशा द्यावा लागतो, पण शेजाऱ्याचा फोन जास्त खरं सांगेल. उरलेला बॅलन्स आणि मुदत नव्या कंपनीत येत नाहीत. म्हणून मुदत संपायच्या आठवडाभर आधी 1900 वर पोर्टचा मेसेज पाठवा.