‘पोरी, ह्यात आपलं पाणी कुठं हाय?’

‘ताई, मी आटपाडी तालुक्यातली. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलंय. पाणीवाटपाच्या जुन्या रीती समजून घ्यायच्या आणि लोकांपर्यंत न्यायच्या, हेच काम करावंसं वाटतं. परवा ग्रामसभेत भूजलाच्या पातळीवर स्लाइड दाखवून बोलले. आजोबा तलावावर पाटकरी होते, पाटाचं पाणी पाळीनं शेतांना सोडायचे. घरी आल्यावर ते म्हणाले, “पोरी, ह्यात आपलं पाणी कुठं हाय?” वडील म्हणतात, पाण्यावर बोलून पोट भरतं का, एमपीएससी कर. काय करू?’

बाळ, आजोबांचं बोलणं तुला लागलं असणार. पण त्यांनी तुला मोडीत काढलं नाही गं, काय राहिलं ते सांगितलं. भूजलाची पातळी तू सांगितलीस. पण आधी पाळी कुणाची, शेवटच्या शेताला पाणी पोचलं नाही तर भांडण कोण मिटवायचं, ओढग्रस्तीच्या साली कुठलं पीक सोडून द्यायचं, हे त्यांना विचारलंस का? महिनाभर त्यांच्यासोबत पाटाकडेनं फिर. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घे, शुद्ध करू नकोस. आजीलाही विचार. घरातलं पाणी तिच्या डोक्यावरून आलं आणि पाटाच्या हिशेबात तिचं नाव नाही.

मग येरळा नदीकाठी जा. तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात नदीतली थोडी वाळू विकून पैसा उभा केला आणि बळीराजा धरण बांधलं. भूमिहीनांनाही पाण्यात वाटा दिला, उसाला मात्र बंदी घातली. असा नियम गावाच्या गळी उतरवायला किती बैठका, किती बोलणं लागलं असेल! तुला जे काम करायचंय ते हेच. आटपाडीतली समन्यायी पाणीवाटपाची, म्हणजे प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा न्याय्य वाटा मागणारी चळवळ तर तुझ्या अंगणातली. त्या बैठकांना बसलेली माणसं म्हातारी होत चाललीत, त्यांच्याकडे आधी जा.

वडिलांची काळजी खोटी नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेला, पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थांना गावाशी बोलणारी आणि सोप्या मराठीत लिहिणारी माणसं लागतात. पण बऱ्याच जागा कराराच्या असतात, हे त्यांच्यापासून लपवू नकोस. दोन वर्षांची मुदत माग. अनुभवाच्या नावाखाली फुकट मात्र राबू नकोस.

जमलं तर म्हसवडच्या माणदेशी तरंग या लोकांच्या रेडिओ केंद्रावर चार दिवस बसून ये. ऐकणाऱ्यापुढे तिथे स्लाइड नसते.

आणि पुढच्या ग्रामसभेत आजोबांना शेजारी बसव. आधी त्यांना बोलू दे.

– तुझी ताई