घरी जोडलेला जुना स्पेक्ट्रम कसा ओळखावा आणि त्याची किंमत किती धरावी?

वडिलांनी १९९१ साली लेनिनग्राडहून आणलेल्या पत्र्याच्या पेटीतला संगणक सुरू केल्यावर पडद्यावर ‘१९८२ सिंक्लेअर रिसर्च’ अशी ओळ येते, म्हणून तो अस्सल झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा घरगुती संगणक आहे का, आणि विकल्यास काय मिळेल, असे आपण विचारले आहे. तो अस्सल नाही. ती ओळ रॉममध्ये, म्हणजे यंत्राची मूळ आज्ञावली कायमची साठवणाऱ्या चिपेत असते, आणि रॉमची प्रत काढणे हे या सगळ्या उद्योगातले सर्वांत सोपे काम होते. पेटी उघडून पाहावी. अस्सल बोर्डावर फेरांटी कंपनीची यूएलए ही चाळीस पायांची चिप असते, आणि पडद्यावरचे चित्र, कळफलक व टेप यांचा कारभार ती एकटी सांभाळते. तिच्या जागी चौदा-सोळा पायांच्या साध्या चिपांच्या रांगा दिसल्या, तर आराखडा बहुधा सर्गेई झोनोव यांच्या ‘लेनिनग्राड’ नावाच्या सोव्हिएत यंत्राचा किंवा त्याच्या भावकीतला आहे. प्रोसेसरवर ‘यूए८८०’ असे छापलेले असेल, तर ती स्पेक्ट्रममधल्या झेड८० या प्रोसेसरची पूर्व जर्मनीत बनलेली प्रत होय. जोडणीचे साल चिपांवरच्या चार आकडी खुणांवरून काढावे. पहिले दोन आकडे वर्षाचे असतात आणि सर्वांत अलीकडची खूण ग्राह्य धरावी.

आपण शेवटी ‘तशी ती नक्कलच ना’ असे लिहिले आहे. हे वाक्य मी दाजींच्या तोंडून इतकी वर्षे ऐकत आलो आहे की उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. मी सोव्हिएत संघात शिकत असताना वसतिगृहात असाच एक संगणक जोडला होता. दाजींकडे लंडनहून आणलेला, रबरी कळांचा अस्सल स्पेक्ट्रम होता. दिवाळीला सांगलीच्या घरी दोन्ही यंत्रे शेजारी ठेवली गेली आणि माझ्या पेटीतल्या गुलाबी तारांचे जंजाळ पाहून दाजींनी सर्वांदेखत ‘चोरीचा माल’ असा निकाल दिला. फेरांटीची चिप तिथल्या बाजारात मिळतच नव्हती, त्यामुळे तिच्या पोटात काय चालते ते शोधून तेच काम सुट्या चिपांकडून करून घेण्याखेरीज गत्यंतर नव्हते, हे मी समजावून सांगितले. त्यावर त्यांनी माझ्या मेमरी चिपा अर्ध्या बाद असल्याचे दाखवून दिले. त्या होत्याच, कारण तशाच परवडत. पण खुद्द सिंक्लेअरनेही ४८ के यंत्रांच्या वरच्या ३२ के मेमरीसाठी अर्ध्या बाद ६४ के चिपाच वापरल्या होत्या, हे दाजी आजही मान्य करत नाहीत.

पुढे यंत्र चालू असताना त्यांनी मागे जोडलेले उपकरण ओढून काढले, यूएलए जळाली, आणि मुंबईभर हिंडूनही बदली चिप न मिळाल्याने ते अस्सल यंत्र माळ्यावर गेले. माझ्या बोर्डावरची के५५५एलए३ ही साधी सोव्हिएत चिप गेली तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून तेच काम करणारी पाश्चात्त्य ७४एलएस०० आणून बसवली. सोव्हिएत चिपांच्या पायांतले अंतर २.५४ ऐवजी २.५ मिलिमीटर असते, पण चौदा पायांच्या चिपेला तेवढ्याने काही अडत नाही. चाळीस पायांच्या चिपेला मात्र तो फरक टोकापर्यंत पाऊण मिलिमीटरचा होतो आणि पाय वाकवावे लागतात.

किमतीचे म्हणाल, तर भंगारवाल्याला अजिबात विचारू नये. त्याची नजर सोन्याचा मुलामा दिलेल्या पायांवर आणि पॅलेडियम असलेल्या जुन्या सिरॅमिक कपॅसिटरांवर असते. तो बोर्ड तोडूनच पैसे करील. हौशी संग्राहक मूळ जोडणी, हाताने काढलेला नकाशा आणि टेपा यांचे पैसे देतो, म्हणून बोर्ड ‘नीटनेटका’ करण्याच्या भरात तारा बदलू नयेत. अस्सल, खोक्यातल्या स्पेक्ट्रमचे भाव पाहून आकडा मनात धरू नये. दाजींसारखे लोक भाव खोक्यावरून ठरवतात. माझे मत विचाराल तर, वडिलांनी स्वतः जोडला असल्यास तो विकूच नये.

हे सर्व यंत्र न पाहता लिहिले आहे. मेमरीच्या चिपा आठऐवजी सोळा निघाल्या, तर आराखडा मॉस्कोच्या १२८ के ‘पेंटागॉन’चा असू शकतो. आणि तो पुन्हा सुरू करण्यापूर्वी जुना वीजपुरवठा सुटा करून पाच व्होल्ट नीट येतात का, ते मीटरवर पाहून घ्यावे. खरे तर हे मी सुरुवातीलाच सांगायला हवे होते.