काश्मीर ग्रेट लेक्स झेपेल का?

प्रश्न : ताई, मी नाशिकची, वय ४८. रविवारी ग्रुपबरोबर ब्रह्मगिरी नाहीतर अंजनेरी ठरलेलं असतं. आता मैत्रिणी काश्मीर ग्रेट लेक्सला चला म्हणतायत. हाय अल्टिट्यूड कधीच केलेलं नाही, त्याची भीती वाटते, आणि उतरताना उजवा गुडघा दुखतो. घरचे म्हणतात हे काय वय आहे का. जाऊ का नको?

उत्तर : वयाचं म्हणाल तर बिनधास्त जा. पण मला भीती उंचीपेक्षा तुमच्या गुडघ्याची वाटते, आणि त्याचं कारण नीट सांगते.

हा ट्रेक सोनमर्गजवळ शितकडीला सुरू होतो आणि नारानागला उतरतो, साधारण ७० किलोमीटर, मधे निचनाई, विशनसर, गडसर, सतसर, गंगाबल असे मुक्काम. तीन खिंडी लागतात, त्यातली गडसरची सगळ्यात उंच, १३,८०० फुटांच्या आसपास. विशनसरहून पहाटे निघायचं, किशनसरच्या कडेने चढत जायचं, आणि वर पोचून मागे वळलात की किशनसर आणि विशनसर ही दोन्ही तळी एकाखाली एक दिसतात, तिथे दम खायला बसा, कोणी कितीही घाई केली तरी! पण खिंड म्हणजे दिवस संपला असं नाही, पुढे गडसर तळ्यापर्यंत आणि त्याहीपुढे कॅम्पपर्यंत बरंच उतरायचं असतं, आणि दुसऱ्या दिवशी उठून परत चालायचं. मधे गाडीरस्ता कुठेच नाही. गडसरला पाय गेला तर पुढे जा नाहीतर मागे जा, दोन्हीकडे लांबच आहे, मग घोडा हाच उपाय.

आणि शेवटच्या दिवशी गंगाबलहून नारानाग, म्हणजे ११,५०० वरून साडेसात हजार फुटांपर्यंत, ४,००० फूट एका दमात खाली. सगळ्यात जास्त गुडघे तिथे बोलतात. म्हणून आधी ऑर्थोपेडिककडे दाखवून घ्या, मांडीचे व्यायाम विचारा, मगच बुकिंग.

तयारीसाठी रविवारचा एक डोंगर पुरत नाही. लागोपाठ दोन दिवस चाला. तुमच्या बागलाणातच सोय आहे की, एक दिवस साल्हेर-सालोटा, खाली मुक्काम, दुसऱ्या दिवशी मुल्हेर-मोरा, पाठीवर सामान घेऊन. सोमवारी जिना उतरताना काय होतं बघा, त्यावरून खरं कळेल. दोन काठ्या आत्तापासून वापरा, तिथे जाऊन शिकू असं नको.

उंचीचं म्हणाल तर सोनमर्गच ९,००० फुटांच्या जवळपास आहे, श्रीनगरला उतरून लगेच चालायला सुटू नका, सोनमर्गला एक रात्र काढाच. पाणी भरपूर प्या. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का हे डॉक्टरांनाच विचारा, मैत्रिणीने दिली म्हणून घेऊ नका. डोकं दुखून उलट्या व्हायला लागल्या तर लीडरला तेव्हाच सांगायचं, ग्रुपचा मूड जाईल म्हणून बायका गप्प बसतात, आणि मला याचा खरंच राग येतो. त्रास वाढला तर खाली उतरणं हाच इलाज.

अजून एक, ओरिजिनल ओळखपत्र जवळ ठेवा, वाटेत आर्मी चेकपोस्ट आहेत. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि ट्रेकवर तर रेंज नाहीच, घरच्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे ते काळजीत पडणार नाहीत.

प्रश्न : मी सांगलीचा, कॉलेजला आहे, फोटोग्राफी करतो. हाच ट्रेक जुलैत करू का सप्टेंबरमध्ये?

उत्तर : काय टिपायचंय त्यावर आहे. जुलैच्या सुरुवातीला निचनाईच्या खिंडीत बर्फ असतो, गडसरच्या पाण्यावरही बर्फाचे तुकडे तरंगताना मिळू शकतात, ओढे फुगलेले आणि कड्यांवरून पाण्याच्या धारा. फुलं जुलै-ऑगस्टमध्ये. सप्टेंबरमध्ये गवत पिवळं पडायला लागतं, रात्री कडाक्याची थंडी, पण हवा स्वच्छ, आणि गंगाबलशेजारच्या नुंदकोल तळ्याच्या पाण्यात हरमुख शिखराचं प्रतिबिंब बघायचं असेल तर मी तेव्हाच जाईन. बकरवाल, म्हणजे तिथले भटके मेंढपाळ, मात्र तोवर मेंढ्या घेऊन खाली उतरायला लागतात, त्यांचे फोटो हवे असतील तर लवकर जा, आणि आधी विचारून काढ. पाऊस दोन्ही वेळेला येऊ शकतो, कॅमेऱ्याला ड्राय बॅग घे. जास्तीच्या बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोप, थंडीत लवकर उतरतात आणि वाटेत चार्जिंग नाही.