सासूबाईंच्या कार्डावर ज्येष्ठ नागरिक सूट घेतली, तर ती फसवणूक होते का?

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आलंय. त्यांच्या घराजवळच्या सुपरमार्केटमध्ये दर बुधवारी 'ज्येष्ठ नागरिकांना १० टक्के सूट' असा बोर्ड असतो. सासूबाई ७२ वर्षांच्या, आधी स्वतः जायच्या, दुकानाचं मेंबर कार्ड त्यांच्याच नावावर. बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून त्या अंथरुणावर आहेत, म्हणून गेले पाच महिने ताई ते कार्ड घेऊन सामान आणतात आणि काउंटरवर सूट मिळत होती. मागच्या बुधवारी नवीन मॅनेजरने सगळ्या लाइनसमोर 'हे चीटिंग आहे' म्हणून अडवलं, पाच महिन्यांची सूट २,१६० रुपये परत भरा नाहीतर पोलिसात देतो म्हणाला, कार्ड ब्लॉक केलं, पॉइंट गेले, आणि 'मी चुकीने सूट घेतली, रक्कम भरेन' असं कागदावर लिहून सही घेतली. वर घरी धाकटे दीर म्हणतायत की वयावरून सूट देणंच घटनेच्या विरुद्ध आहे. ताई विचारतात, पैसे भरू का आणि पोलीस येतील का?

ताई, आधी पोलिसांचं सांगते कारण त्याचीच भीती तुम्हाला झोपू देत नाहीये असं पत्रावरून वाटलं. फसवणुकीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे, १ जुलै २०२४ च्या आधी ज्याला सगळे चारशेवीस म्हणायचे तोच. त्यात मुळात समोरच्याला खोटं सांगून, सुरुवातीपासून लबाडीच्या हेतूने काहीतरी काढून घ्यावं लागतं. तुम्ही कुठे खोटं बोललात? तुम्ही ७२ वर्षांच्या आहात असं तर कधीच सांगितलं नाही, कार्ड उघडपणे पुढे केलंत, समोर कोण उभंय ते काउंटरवाल्याला दिसत होतं आणि त्याने स्वतःच्या हाताने स्कॅन करून सूट दिली, एकदा नाही तर पाच महिने. यात गुन्हा बसत नाही. दुकानाला पैसे मागायचेच असतील तर तो दिवाणी वाद आहे, पोलीस स्टेशन हे वसुलीचं ऑफिस नाही. म्हणून ते २,१६० रुपये भरू नका, निदान मी खाली सांगते ते पत्र जाईपर्यंत तरी अजिबात नाही.

आता दिरांचं. त्यांचा मुद्दा बरेच तरुण बोलून दाखवतात, वीस-बावीस हजारांवर राबणारा डिलिव्हरीवाला पूर्ण पैसे मोजतो आणि पेन्शनवाल्या साहेबांना सूट, हा कुठला न्याय? पण कायद्यात तो टिकत नाही. घटनेतलं कलम १४ सरकारला बांधतं, खासगी दुकानाला नाही. दुकानांचा उल्लेख कलम १५(२) मध्ये आहे खरा, पण तिथे धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान एवढ्यांवरूनच कुणाला दुकानात मज्जाव करता येत नाही, वय त्या यादीत नाही. आणि सरकारसुद्धा वयाचा गट करून सवलत देतंच की, आपल्या एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहे आणि ७५ च्या पुढे ऑगस्ट २०२२ पासून मोफत. उलट रेल्वेने मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद केली ती परत मिळावी म्हणून याचिका गेली तेव्हा २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा सरकारच्या धोरणाचा प्रश्न आहे, कोर्टाने आदेश देण्याचा नाही. म्हणजे सवलत देणं बेकायदा नाही, पण ती हक्क म्हणून मागताही येत नाही. फिलिपिन्समध्ये २०१० च्या कायद्याने औषधांसकट बऱ्याच गोष्टींवर ज्येष्ठांना २० टक्के सूट सक्तीची आहे, आपल्याकडे खासगी दुकानावर तशी सक्ती नाही. छापील एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही, कमी कुणाला आणि किती द्यायचं ते दुकानदाराने ठरवायचं.

मला स्वतःला विचाराल तर अशी सूट योग्यच वाटते. साठीनंतर कमाई थांबते आणि औषधं सुरू होतात, ईपीएफची किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे, आणि ज्यांनी आयुष्यभर शेतात नाहीतर दुसऱ्याच्या दुकानात काम केलं त्यांना तेवढीही नाही. सगळे म्हातारे गरीब नसतात हे दिरांचं बरोबर आहे, पण काउंटरवर प्रत्येकाचं उत्पन्न तपासत बसण्यापेक्षा वय बघणं सोपं आणि कमी अपमानाचं आहे. मला खरा अन्याय दिसतो तो तुमच्या प्रकरणात. जी म्हातारी माणसं चालत दुकानात येऊ शकतात त्यांना सूट आणि जी अंथरुणाला खिळली, ज्यांचा डायपर, ड्रायशीट, गोळ्यांचा खर्च सगळ्यात जास्त, त्यांना नाही, असा नियम करताना कुणी थोडा तरी विचार करायला हवा होता.

आणि इथेच कायदा तुमच्या बाजूला येतो. सूट द्यायची की नाही ही दुकानाची मर्जी, पण एकदा बोर्ड लावला की बोर्डावर जे लिहिलंय त्याला दुकान बांधील राहतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये जाहिरात म्हणजे फक्त पेपर-टीव्ही नाही, दुकानातली नोटीस, लेबल, अगदी बिलसुद्धा त्यात धरलंय, आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवली तर ती जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अट असेल तर ती जाहिरातीतल्या मूळ दाव्याच्याच भाषेत, नीट वाचता येईल अशी आणि ठळक जागी हवी. तुमच्या बोर्डावर 'स्वतः हजर असणं आवश्यक' असं कुठे लिहिलंय का? तुम्ही पाठवलेल्या फोटोत तर नाही. पाच महिने दुकान स्वतः ज्या अर्थाने वागलं त्याच अर्थाने तुम्ही तो बोर्ड वाचलात. दुसरं म्हणजे याच कायद्यात ग्राहक म्हणजे फक्त पैसे देणारा नाही, विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच आहे, म्हणजे सासूबाई अंथरुणावर असल्या तरी कायद्याच्या नजरेत त्या दुकानाच्या ग्राहक आहेत. उद्यापासून दुकानाने अट ठळक लिहिली तर ती त्यांना लावता येईल, मागच्या पाच महिन्यांना मात्र नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. तुम्ही पाठवलेल्या बिलांत सासूबाईंच्या सामानाबरोबर मुलांचे चिप्स, शाम्पू, शेव्हिंग क्रीमही आहे. एकत्र घरात गहू-तेल वेगळं काढता येत नाही हे कुणालाही कळेल आणि कोर्टालाही कळेल, पण शेव्हिंग क्रीमवर ज्येष्ठ नागरिकाची सूट मागणं मला पटत नाही आणि समोरचा वकील नेमकं तेच बिल वर काढेल. यापुढे सासूबाईंचं आणि घराचं सामाईक सामान एका बिलात, तुमचं स्वतःचं दुसऱ्या बिलात. मागचं आहे ते आहे, त्याने तुम्ही गुन्हेगार होत नाही, पण लपवू पण नका.

त्या सहीची मला जास्त काळजी वाटते. करार कायद्याच्या कलम १४ प्रमाणे संमती मोकळेपणाने दिलेली हवी, दहा लोकांसमोर पोलिसांची धमकी देऊन घेतलेली सही तशी नव्हती असं तुम्ही म्हणू शकता, पण ते लगेच आणि लेखी म्हणायला हवं, महिनाभर गप्प बसलात तर तोच कागद तुमची कबुली म्हणून पुढे येईल. म्हणून आजच पत्र लिहा, वकिलाची गरज नाही, साध्या मराठीत चालतं. त्यात लिहा की अमुक तारखेला दबावाखाली घेतलेली सही मी मान्य करत नाही, बोर्डावर अट नव्हती, तुमच्याच कर्मचाऱ्यांनी कार्ड पाहून सूट दिली, त्यामुळे रक्कम देणं लागत नाही, सासूबाईंचं कार्ड आणि त्यावरचे पॉइंट १५ दिवसांत पूर्ववत करा, आणि त्या दिवसाचं काउंटरवरचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा. हे शेवटचं वाक्य विसरू नका, फुटेज थोड्या दिवसांत पुसलं जातं. खाली तुमची सही आणि सासूबाईंची सही किंवा अंगठा, कारण कार्ड त्यांचं आहे. पत्र दुकानाच्या पत्त्यावर आणि बिलावर कंपनीचा जो पत्ता असेल तिथे, दोन्हीकडे स्पीड पोस्टने, पावत्या सांभाळा. बोर्डाचा फोटो पुन्हा एकदा तारखेसकट काढा, पॉइंटचे एसएमएस डिलीट करू नका. आधारची झेरॉक्स मागितली तर देऊ नका, वय दाखवायला ओळखपत्र नुसतं दाखवलं तरी पुरतं. हो, आधारवर सासूबाईंची जन्मतारीख आपल्याकडच्या कितीतरी लोकांसारखी १ जून असेल तर घाबरू नका, ७२ आणि ६० मध्ये इतकं अंतर आहे की कुणाला त्यावरून वाद घालता येणार नाही.

उत्तर नाही आलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बरीच दुकानं तिथून फोन गेला की मिटवून टाकतात. तरीही नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. कंपनीचं हेड ऑफिस मुंबईत असो की दिल्लीत, २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते आणि मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारीत 'दिशाभूल करणारी जाहिरात' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' एवढंच लिहा, 'अनुचित करार' (म्हणजे ग्राहकावर अन्यायकारक अटी लादणारा करार) हा मुद्दा त्यात घालू नका, त्याची तक्रार राज्य आयोगाकडे जाते आणि विनाकारण प्रकरण अडकेल. भरपाई फार मोठी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, मागा मात्र, लाइनसमोर चोर ठरवल्याचा मनस्ताप हा पण नुकसानच आहे आणि ते तक्रारीत लिहायला लाजू नका. आणि पुन्हा कधी कुणी कोऱ्या नाहीतर लिहिलेल्या कागदावर सही मागितली तर 'घरी वाचून सांगते' म्हणायचं आणि निघायचं, दुकानाच्या गार्डला तुम्हाला थांबवून ठेवायचा अधिकार नाही.