कारखान्यात तयार केलेल्या खोल्यांचं घर पावसाळ्यात टिकतं का?

टिकतं, पण सांधे नीट भरलेले हवेत. रांचीचा लाइट हाउस प्रकल्प घ्या, म्हणजे नव्या पद्धतीने घरं बांधून दाखवण्याचा केंद्र सरकारचा प्रकल्प; तिथे अशीच घरं आहेत: पायाभरणी १ जानेवारी २०२१, घरं १,००८. या पद्धतीत अख्ख्या खोल्या काँक्रीटमध्ये आधी ओतून घेतात आणि क्रेनने एकावर एक चढवतात. साच्यातलं काँक्रीट सहसा एकसारखं निघतं, सिमेंट-वाळूची नासाडीही कमी. पाणी शिरलंच तर बहुतेक दोन तुकड्यांच्या जोडातून. म्हणून घर बघायला गेलात की टाइल्स राहू द्या, बाहेरच्या जोडातलं सीलंट (फट बुजवायला भरलेला रबरासारखा थर) भेगाळलंय का ते बघा. आणि हो, वायरिंगचे पाइप भिंतीतच ओतलेले असतात. एसीचा पॉइंट कुठे हवा ते आधीच सांगून ठेवा, नंतर भिंत फोडू देत नाहीत.